माप आणि दिवठणी

पहिल्या शतकातल्या गालीलमधले साधे घर बहुधा एकाच खोलीचे असे. काळ्या दगडाच्या भिंती, हवेपुरत्या लहान खिडक्या, एका कोपऱ्यात जाते, दुसऱ्या कोपऱ्यात धान्याचे रांजण. दिवेलागणीला तळहातावर मावेल एवढा मातीचा दिवा लागे. त्यात ऑलिव्हचे तेल आणि जवसाच्या धाग्यांची वात. तो भिंतीतल्या कोनाड्यात किंवा उंच दिवठणीवर ठेवला की तेवढ्या एका ज्योतीवर सगळ्या घराचे भागे. धान्य मोजायचे मापही त्याच खोलीत पडलेले असे. आपल्याकडच्या पायलीसारखेच, पण आकाराने मोठे, पावणेनऊ लिटरच्या आसपासचे. काही अभ्यासक सांगतात की रात्री दिवा मालवताना फुंकर मारली तर धूर आणि ठिणगी यांची भीती असे. म्हणून त्यावर माप उपडे ठेवत. म्हणजे दिवा लावून मापाखाली ठेवणे याचा अर्थ एका हाताने लावणे आणि दुसऱ्या हाताने मालवणे.

येशूचे श्रोते असल्याच घरांतून आलेले कोळी, शेतकरी, मजूर होते. त्यांना त्याने जगाचा प्रकाश म्हटले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर सूर्य किंवा देवळातली झुंबरे आली नसणार. घरातला तो मातीचा दिवाच आला असणार. दिवा लावून कुणी मापाखाली ठेवत नाही, दिवठणीवर ठेवतो, हा मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायातला दृष्टान्त तीन-चार ओळींचाच आहे. पण दोन हजार वर्षे ख्रिस्ती माणूस त्या ओळींपाशी थबकत आला आहे. प्रस्तुत पुस्तक त्याच थबकण्याचा मागोवा घेते.

थबकण्याचे कारण साधे आहे. पाचव्या अध्यायात येशू सांगतो की तुमची कामे लोकांना दिसू द्या, म्हणजे ते देवाचा गौरव करतील. सहाव्या अध्यायाच्या आरंभी तोच सांगतो की दानधर्म लोकांनी पाहावा म्हणून करू नका. एका हाताचे दान दुसऱ्या हातालाही कळू नये. एकाच प्रवचनात, जेमतेम पानाच्या अंतराने, दाखवा आणि दाखवू नका अशी दोन्ही सांगणी येतात. कुणाला यात विसंगती दिसते. खरे तर ख्रिस्ती आचरणाचा सगळा कस या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत लागतो. उजेड दिसला पाहिजे, पण दिवा धरणाऱ्या हाताकडे कुणाचे लक्ष जायला नको. हे बोलायला सोपे आहे. घर चालवताना, नोकरी करताना, संस्था उभारताना ते किती अवघड होते, हे ज्यांनी केले त्यांनाच ठाऊक.

भाषेतल्या दोन गोष्टी नव्या वाचकाने आरंभीच लक्षात घ्याव्यात. मराठीतल्या ‘तुम्ही’त आदरही असतो आणि अनेकवचनही. मूळ ग्रीकमध्ये तिथे निव्वळ अनेकवचन आहे: प्रकाश एकेकट्या साधूचा नाही, साऱ्या मंडळीचा मिळून आहे. दुसरी गोष्ट अशी की ज्या कामांना आपण ‘सत्कर्मे’ म्हणतो, त्यांच्यासाठी वापरलेल्या ग्रीक विशेषणात चांगले आणि सुंदर असे दोन्ही अर्थ आहेत. पाहणाऱ्याला प्रसन्न वाटावे असे काम, असा त्याचा भाव आहे. घासून लख्ख केलेल्या समईकडे पाहून बरे वाटते, तसे.

पहिल्या तीन शतकांत या प्रकाशाला ना इमारत होती ना राज्यसत्ता. दुसऱ्या शतकातले ‘दिओग्नेतसला पत्र’ या नावाने ओळखले जाणारे लेखन ख्रिस्ती लोकांचे वर्णन करताना सांगते की त्यांची गावे वेगळी नाहीत, बोली वेगळी नाही, पेहराव वेगळा नाही. जगण्याची रीत मात्र वेगळी आहे. तिसऱ्या शतकाच्या मध्याला रोमन साम्राज्यात भयंकर साथ आली. अलेक्झांड्रियाचा बिशप दियोनिसियस याने लिहून ठेवले आहे की लोक आपल्याच आप्तांना रस्त्यावर टाकून पळत असताना ख्रिस्ती माणसे आजाऱ्यांजवळ थांबली, आणि त्यांतली कित्येक त्याच आजाराने गेली. आपल्या माणसांबद्दल आपल्याच बिशपाने लिहिलेले म्हणून कुणी ते बाजूला ठेवील. पण चौथ्या शतकातला सम्राट जुलियन हा ख्रिस्ती धर्माचा उघड विरोधक होता, आणि त्यानेही आपल्या पुरोहिताला पत्रात खडसावले की हे गालीलवाले स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, वर आपल्याही गरिबांना पोसतात, याची लाज वाटली पाहिजे. त्याच शतकात कैसरियाचा बिशप बासिल याने शहराबाहेर आजारी, वाटसरू आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी जी वसाहत उभारली, ती रुग्णालयांच्या इतिहासातला मोठा टप्पा मानली जाते.

धर्माला राजाश्रय मिळाला आणि प्रश्न पालटला. सगळेच ख्रिस्ती म्हणवू लागले, तेव्हा उजेड ओळखायचा कसा? काहींनी वाळवंट गाठले. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठांसाठी नियमावली लिहिली, तिच्यात कोठाराची व्यवस्था पाहणाऱ्या संन्याशाला सांगितले आहे की मठातली भांडी आणि अवजारे वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी हाताळावीत. कुदळ आणि कळशी यांना उपासनेच्या पात्रांचा मान देणारी ही ओळ पुढच्या सगळ्या विचाराचे बीज ठरली. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा, लढाईत पाय जायबंदी झालेला एक माजी सैनिक वर्षानुवर्षे स्वयंपाकघर सांभाळत होता. स्वयंपाकाची त्याला मुळीच आवड नव्हती. तरी भांड्यांच्या खणखणाटात आणि वेदीसमोर गुडघे टेकताना देवाचे सान्निध्य त्याला सारखेच लाभू लागले. त्याची संभाषणे आणि पत्रे त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली. ती कॅथलिक वाचतात तशीच प्रॉटेस्टंटही वाचतात.

त्याच्याही आधी मार्टिन ल्यूथरने मठाची भिंतच ओलांडली होती. देवाने बोलावणे म्हणजे संन्यासी किंवा पाळक होणे, हा समज त्याने मोडून काढला. चांभार, दाई, शेतकरी, आई यांचे कामही तितकेच देवाने सोपवलेले आहे, असे तो म्हणाला. जर्मन भाषेत धंदा आणि पाचारण यांना एकच शब्द रुळला, तो त्याच्या बायबलमुळे. या विचाराने कोट्यवधी माणसांच्या रोजच्या कष्टाला प्रतिष्ठा दिली. पुढे त्यात एक वाकही शिरला: धंद्यातले यश हीच देवाच्या कृपेची खूण समजली जाऊ लागली. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने १९०४-०५ साली त्याची चिकित्सा केली, ती आजही वाद घालण्याजोगी आणि वाचण्याजोगी आहे.

क्वेकर पंथाची वाट निराळी. प्रत्येकाच्या अंतरी दैवी प्रकाश आहे असे मानणारी ही माणसे दुकानात एकच भाव सांगत, कारण घासाघीस करताना एकाला खरे आणि दुसऱ्याला खोटे बोलावे लागते. त्यांच्यातलाच जॉन वूलमन हा अठराव्या शतकातला अमेरिकेतला शिंपी. तरुणपणी मालकाच्या सांगण्यावरून त्याने एका कृष्णवर्णीय गुलाम स्त्रीच्या विक्रीचा कागद लिहून दिला आणि ते त्याच्या मनाला कायमचे लागले. पुढे गुलामांचा वाटा लिहायचा असेल तर मृत्युपत्रे लिहून द्यायलाच तो नकार देऊ लागला. मोर्चा काढला नाही, सभा गाजवली नाही. गिऱ्हाइकासमोर बसून लेखणी खाली ठेवली. त्याच्यासारख्यांच्या अनेक वर्षांच्या शांत आग्रहातून त्याचा पंथ गुलामगिरीच्या विरोधात उभा राहिला.

कॅथलिक परंपरेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिझ्यूची तेरेजा हिने लहानसहान गोष्टींतली पवित्रता शिकवली. चोविसाव्या वर्षी क्षयाने गेलेली ही मुलगी मठाबाहेर फारशी पडलीही नव्हती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ आणि १९६५ साली हा विचार अधिकृत शब्दांत मांडला: प्रापंचिक ख्रिस्ती माणूस हा पाळकाचा मदतनीस नाही, घर, कारखाना, न्यायालय, बाजार हीच त्याची सेवेची जागा आहे. चर्चविषयक मुख्य दस्तऐवजाचे लॅटिन नावही ‘राष्ट्रांचा प्रकाश’ या अर्थाचे आहे.

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात हाच दृष्टान्त गाणे होऊन बसमध्ये चढला. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी अठरा कृष्णवर्णीय माणसे मतदार म्हणून नोंदणी करायला इंडियनोला गावी गेली. परतताना पोलिसांनी बस अडवली आणि बसचा रंग जास्त पिवळा आहे म्हणून चालकाला दंड केला. भेदरलेल्या प्रवाशांत बसून फॅनी लू हेमर या शेतमजूर स्त्रीने चर्चमधली गाणी म्हणायला सुरुवात केली. आपला इवलासा दिवा उजळत ठेवण्याचे गाणे त्यांत होते. त्याच दिवशी मळेवाल्याने तिला राहत्या घरातून बाहेर काढले. हा दिवा दिवठणीवर ठेवला की त्याला वारा लागतो, हे तिच्याइतके कुणी दाखवले नसेल.

मराठीत हा प्रवाह आला तो गोव्यातून. १५७९ साली गोव्यात उतरलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स साष्टीत राहिला, इथली भाषा शिकला आणि ११,००० च्या आसपास ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ त्याने १६१६ साली छापले. मराठीची थोरवी त्याने ज्या प्रेमाने गायली, ती मराठी माणूस विसरलेला नाही. पण दिव्याखाली अंधार असतोच. ज्या गोव्यात हे पुराण रचले गेले, त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय सुरू होते आणि मधला छोटा खंड वगळता ते १८१२ पर्यंत चालले. एकाच सत्तेच्या छायेत ओवीही लिहिली गेली आणि माणसांना धर्मासाठी छळलेही गेले. ख्रिस्ती प्रकाशावर लिहिणाऱ्याने हे झाकले तर त्याने स्वतःच दिव्यावर माप ठेवले असे होईल. चर्चमध्ये शिरलेली जात हाही तसाच अंधार. मिशन आले, शाळा आल्या, तरी बाकांवरच्या बसण्यात आणि सोयरिकीत जात टिकली. दलित ख्रिस्ती माणसांनी हे दुखणे पुन्हा पुन्हा बोलून दाखवले आहे आणि ते अजून सरलेले नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या मराठी ख्रिस्ती लेखनाची नावेच पाहावीत: १८४२ साली अहमदनगरला निघालेला ‘ज्ञानोदय’, बाबा पदमनजींचे आत्मचरित्र ‘अरुणोदय’. सगळा शब्दसंग्रह उजाडण्याचा. पण खरा उजेड पडला तो वर्गांत आणि ओसऱ्यांवर. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईला आली, कुणाची पत्नी म्हणून नव्हे, शिक्षिका म्हणून. मुलींना शिकवण्यात तिने आयुष्य घालवले. अहमदनगरच्या तिच्या संस्थेत अध्यापनाचे धडे घेणाऱ्यांत सावित्रीबाई फुले होत्या. सावित्रीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत, होण्याची गरजही नव्हती. एका दिव्यावरून दुसरा दिवा लागला आणि तो आपल्या तेलावर, आपल्या तेजाने जळला.

पंडिता रमाबाईंची गोष्ट या पुस्तकाच्या केंद्राशी आहे. १८८९ साली मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत असा गहजब १८९३ साली झाला. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंनी दार बंद केले नाही आणि आपली ख्रिस्ती श्रद्धा लपवलीही नाही. दुष्काळ पडला तशा त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावच्या माळरानावर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तिथे दीड हजाराहून अधिक बायका आणि मुले होती. विहिरी खोदल्या, शेती केली, माग बसवले, तेलाचा घाणा आणि छापखाना चालवला. ज्या बायकांना समाजाने अपशकुनी ठरवले होते, त्या छपाईचे खिळे जुळवू लागल्या. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि खेड्यातल्या बाईला समजेल अशा मराठीत त्यांनी एकटीने सगळे बायबल उतरवले. ते काम संपते न संपते तोच, एप्रिल १९२२ मध्ये, त्या गेल्या. त्यांच्या वाटेबद्दल मतभेद होते आणि राहतील. पण केडगावच्या त्या छापखान्यात शाईने माखलेले हात पाहिल्यावर ‘सुंदर काम’ या ग्रीक शब्दाचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या संसारावर वीज कोसळली. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे परतल्या, पण सोवळे सांभाळून: वेगळी चूल, वेगळे पाणी. नवऱ्याने सक्ती केली नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःच स्वतःला घातला, आणि उत्तर सापडले त्या दिवसापासून कुणाच्याही हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर झाला. पुढे त्यांचे घर पोरक्या मुलांनी भरलेले राहिले. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने आले. जेमतेम लिहावाचायला शिकलेल्या या बाईने घरातली भांडणे, उपासमार, हसू सगळे जसेच्या तसे सांगितले. श्रद्धेची जाहिरात त्यात नावाला नाही, आणि तरीही ती पानोपानी आहे. या विषयावर मराठीत एकच पुस्तक वाचायचे ठरवले तर ते हेच असावे.

मिरजेला १८९४ साली विल्यम वॉनलेस या कॅनेडियन डॉक्टरने रुग्णालय उभारले आणि दक्षिण महाराष्ट्रासह कर्नाटकातल्या माणसांच्या पिढ्यान्‌पिढ्या तिथे बऱ्या झाल्या. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी अनेक वर्षे ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले, मराठीत ‘सुबोध बायबल’ आणले आणि त्याच वेळी तिथले पाणी, शेती आणि हिरवाई वाचवायला ते रस्त्यावर उतरले. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

जामखेडला थोडे थांबायला हवे. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य १९७० साली त्या दुष्काळी तालुक्यात आले. येशूच्या शिकवणीवरची निष्ठा हे त्यांच्या येण्याचे कारण होते आणि ते त्यांनी कधी दडवले नाही. त्यांनी गावोगावच्या, बहुतेक निरक्षर, पुष्कळदा दलित बायकांना आरोग्याचे ज्ञान दिले: बाळंतपण, जुलाब, लसीकरण, कुष्ठरोग. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या एका आरोग्य परिषदेत जामखेडच्या आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहात भव्य झुंबरे लटकत होती. ती छान आहेत, पण पाहायला हजारो मैल यावे लागते, डॉक्टर लोकही तसेच, अशा आशयाचे त्या बोलल्या. मग त्यांनी पिशवीतून वातीचे दोन साधे दिवे काढले. एक लावला, त्यावरून दुसरा लावला, आणि झुंबराला हे जमत नाही असे दाखवून दिले. मुक्ताबाईंनी तो दृष्टान्त बायबलमधून घेतला होता की आपल्या घरातल्या कोनाड्यातून, हा प्रश्नच गौण आहे. गालीलमधल्या श्रोत्यांनाही तो घरातूनच कळला होता.

आज या विषयाकडे पुन्हा वळण्याची निकड वाटते ती दोन्ही बाजूंनी. एकीकडे प्रत्येक खिशात कॅमेरा आहे. शिधावाटप होते तेव्हा घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी फोन रोखला जातो, मग हातात पिशवी पडते. दिवा दाखवण्याची सोय इतकी वाढली आहे की सहाव्या अध्यायातला इशारा आज अधिक लागू पडतो. दुसरीकडे, २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १०.८ लाख, म्हणजे एक टक्क्याहून किंचित कमी आहे. धर्मांतराच्या संशयाचे वातावरण गडद झाले की एवढ्या लहान समाजातली माणसे माप शोधू लागतात: कचेरीत विषय टाळायचा, शेजाऱ्याच्या अडीअडचणीला धावतानाही हेतूवर शंका येईल म्हणून दबकायचे. कुणी भीतीने दिवा झाकतो, कुणी त्याचा सर्चलाइट करून लोकांच्या डोळ्यांवर मारतो. दोन्हींत खोली अंधारीच राहते.

प्रस्तुत पुस्तक या दोहोंच्या मधली जागा शोधते. ते संतचरित्रांचा संग्रह नाही आणि धर्मशास्त्राचा ग्रंथही नाही. स्वयंपाकघर, वर्ग, वॉर्ड, दुकान, शेत, कचेरी अशा जागांवर श्रद्धा कशी उतरली आणि कुठे उतरली नाही, याची ते चौकशी करते. गोव्यातला अंधार, मिशनऱ्यांचा अहंकार, चर्चमधली जात यांना त्यात बगल दिलेली नाही. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट परंपरा इथे एकाच मांडवात येतात. वसईचा वाचक आणि नगरचा वाचक एकमेकांचा वारसा फार कमी ओळखतात, ती उणीव भरून काढण्याची लेखनामागे मनापासून इच्छा आहे. ख्रिस्ती नसलेल्या वाचकाला वाट सुकर व्हावी म्हणून पारिभाषिक शब्द जागच्या जागी उलगडले आहेत, आणि त्याच्याकडून श्रद्धेची कबुली कुठेही मागितलेली नाही.

बायबलमधली विशेषनामे मराठी वाचकाला परिचित आहेत त्याच रूपात ठेवली आहेत. ‘दिवठणी’ हा शब्दही जाणूनबुजून ठेवला आहे. शहरातल्या घरांतून ती वस्तू गेली आणि तरुण वाचकाला शब्द अडेल, म्हणून तो बदलावा असे सुचवले गेले होते. पण मराठी बायबल वाचत मोठ्या झालेल्या आजी-आजोबांच्या तोंडी तो अजून आहे. कुणी नातवंड त्यांना त्याचा अर्थ विचारायला गेले तर बरेच होईल.